हायब्रिड की पेट्रोल: सासऱ्यांचा हिशोब पक्का, पण आकडे ब्रोशरचे

पत्र:

नमस्कार दादा, आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहतो. मी आठवड्यातून चार दिवस स्वतः गाडी चालवत ऐरोलीला ऑफिसला जाते, जाऊन-येऊन ४५ किमी होतात आणि मेट्रोच्या कामामुळे कधी सव्वा तास तर कधी दोन तास जातात. शनिवार-रविवारचं फिरणं धरलं तर शहरातच महिन्याला हजारेक किमी होतात, शिवाय वर्षातून चारेक वेळा सासरी चिपळूणला जातो. आत्ताची पेट्रोल हॅचबॅक ११ वर्षांची झाली, ट्रॅफिकमध्ये १३ चं ॲव्हरेज देते. ग्रँड व्हिटारा घ्यायचं ठरलंय. पेट्रोल ऑटोमॅटिक ऑन-रोड साडेसतरा लाखाला पडतेय, स्ट्राँग हायब्रिड १९ लाख ८० हजारला आणि पेट्रोल मॅन्युअल १६ ला. मिस्टर म्हणतात हायब्रिड घे, पेट्रोल निम्म्यावर येईल. सासरे बँकेतून रिटायर झालेत, त्यांनी वहीत हिशोब मांडला की ब्रोशरप्रमाणे ऑटोमॅटिक २०.५८ देते आणि हायब्रिड २७.९७, म्हणजे वर्षाला जेमतेम २० हजार वाचतील आणि जास्तीचे २ लाख ३० हजार वसूल व्हायला साडेअकरा वर्षं लागतील. वर ते म्हणतात, मॅन्युअल घ्या, सगळ्यात स्वस्त. पण क्लच दाबून दाबून माझा डावा गुडघा गेलाय. ५ लाख रोख भरणार, बाकी लोन. कोणाचं ऐकू? आणि माझा भाऊ सांगलीला असतो, त्याची महिन्याला ४०० किमीच गाडी चालते, तोही आमचं बघून हायब्रिडच म्हणतोय, त्यालाही काहीतरी सांगा.

– एक वाचक, ठाणे

उत्तर:

ताई, पहिल्यांदा तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, कारण गाडी घेताना रंग आणि सनरूफ बघायच्या आधी वही काढून बसणारी माणसं मला फार आवडतात आणि त्यांचं गणित मी स्वतः करून बघितलं तर ते चोख आहे. १५ हजार किमीला २०.५८ ने भागलं तर ७२९ लिटर होतात आणि २७.९७ ने भागलं तर ५३६, फरक १९३ लिटरचा, लिटरला १०४ रुपये धरले तर बरोबर २० हजार. गणितात चूक नाही. पण त्यांनी घेतलेले दोन्ही आकडे प्रयोगशाळेतले आहेत आणि तुमची गाडी घोडबंदरला चालणार आहे, सगळा घोळ तिथे आहे.

हे आकडे येतात एआरएआय कडून, म्हणजे पुण्यात वेताळ टेकडीवर जी संस्था आहे तिथून. तिथे गाडी रस्त्यावर नेत नाहीत, रोलरवर उभी करून ठरलेल्या पद्धतीने चालवतात, किती सेकंद थांबायचं, किती वेगाने जायचं, सगळं आखलेलं असतं, जास्तीत जास्त वेग ९० आणि एसी बंद. ते चुकीचं नाहीये, सगळ्या गाड्यांना एकच फूटपट्टी लावायची तर असंच करावं लागतं. पण कापूरबावडीला संध्याकाळी साडेसातला एसी चालू ठेवून वीस मिनिटात दीड किमी सरकणं हे त्या परीक्षेत नाही, आणि नेमकं तिथेच साधी पेट्रोल गाडी आणि हायब्रिड यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

का पडतो ते थोडक्यात सांगतो, कारण हे एकदा कळलं की पुढचा सगळा हिशोब तुम्ही स्वतःच करू शकाल. साधी पेट्रोल ऑटोमॅटिक ट्रॅफिकमध्ये उभी असताना इंजिन चालूच असतं. सिग्नलला इंजिन बंद करणारी सिस्टीम असली तरी उन्हाळ्यात एसीसाठी ते परत परत सुरू होतं. दहा मीटर पुढे जायचं, ब्रेक मारायचा, म्हणजे पेट्रोल जाळून कमावलेला वेग ब्रेक पॅडवर घासून फुकट घालवायचा, आणि हे तासभर चालतं. स्ट्राँग हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असते, त्यामुळे उभं असताना इंजिन बंद, रांगताना बहुतेक वेळ मोटरवर चालते, एसीचा कॉम्प्रेसर विजेवरचा असतो त्यामुळे इंजिन बंद असतानाही गार हवा येत राहते, आणि ब्रेक मारला की मोटरच जनरेटर होऊन तो वेग बॅटरीत परत टाकते. बॅटरी उतरली की इंजिन थोडा वेळ आपोआप सुरू होतं, बॅटरी थोडी भरतं आणि परत गप्प. म्हणजे जी परिस्थिती साध्या गाडीला सगळ्यात वाईट, ती हायब्रिडला सगळ्यात मानवणारी. म्हणून ट्रॅफिकमध्ये साध्या गाडीचं ॲव्हरेज कोसळतं, हायब्रिडचं थोडंसंच खाली येतं. ब्रोशरमध्ये दोघींमधला फरक साडेसात किमीचा दिसतो, घोडबंदरला तो दहाच्या घरात जातो.

ही बॅटरी किती छोटी असते हे बघितलं की लोकांना खरं वाटत नाही. ग्रँड व्हिटाराची हायब्रिड बॅटरी ०.७६ किलोवॉट-तासाची आहे, म्हणजे घरच्या लाइट बिलातलं एक युनिट पण त्यात मावत नाही. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत सहसा तीस-चाळीस युनिटची किंवा त्याहून मोठी बॅटरी असते. त्यामुळे हायब्रिड नुसत्या बॅटरीवर लांब जात नाही, तिला चार्जिंगला लावायचं नसतं, जे काही पळतं ते शेवटी पेट्रोलवरच पळतं. फक्त वाया जाणारं पेट्रोल ती वाचवते. जिथे काही वायाच जात नाही, म्हणजे मोकळ्या हायवेवर एकसारख्या ९० च्या स्पीडला, तिथे वाचवण्यासारखं तिच्याकडे फार काही नसतं. तिचं इंजिन ॲटकिन्सन सायकलचं असल्यामुळे मुळात काटकसरीचं आहे, त्याचा थोडा फायदा तिथेही मिळतो, पण थोडाच.

अजून एक गोष्ट, आणि ही मिस्टरांनाही सांगा. किमी प्रति लिटरचा आकडा आपल्याला फसवतो, कारण खिशातून जातात ते लिटर. म्हणून नेहमी १०० किमीला किती लिटर लागतील ते काढा. १२ चं ॲव्हरेज असेल तर १०० किमीला ८.३ लिटर, २२ चं असेल तर ४.५ लिटर, म्हणजे ३.८ लिटर वाचले, झाले ३९५ रुपये. हायवेला १७ आणि २० धरलं तर ५.९ आणि ५ लिटर, पाऊण-एक लिटर वाचतं, ९० रुपयांच्या आसपास. तेच शंभर किमी, पण ठाण्यात ३९५ आणि मुंबई-गोवा हायवेला ९०. म्हणून कोणी विचारलं की हायब्रिड परवडते का, तर मी आधी विचारतो की कुठे चालवणार.

आता तुमचा हिशोब मांडू. शहरात १२ हजार किमी, बाहेर ३ हजार. तुमची छोटी हॅचबॅक तिथेच १३ देते हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण तुमच्या रस्त्याचा यापेक्षा खरा पुरावा दुसरा नाही. ११ वर्षांची असली तरी ती हलकी आणि मॅन्युअल आहे. तिच्यापेक्षा जड, दीड लिटरची ऑटोमॅटिक त्याच रस्त्यावर ११-१२ च्या वर जाईल असं मला वाटत नाही, तरी १२ धरतो. हायब्रिड अशा रस्त्यावर बावीस-तेवीस देते, २२ धरतो. हायवेला १७ आणि २०, कारण कुटुंब, सामान, एसी आणि घाट.

पेट्रोल ऑटोमॅटिक: शहरात १,००० लिटर, म्हणजे १ लाख ४ हजार, बाहेर १८,३०० च्या आसपास, एकूण १ लाख २२ हजार. हायब्रिड: शहरात ५४५ लिटर, ५६,७०० रुपये, बाहेर १५,६००, एकूण ७२ हजार. वर्षाला ५० हजार वाचले. सासरे म्हणतात त्याच्या अडीच पट. मिस्टर म्हणतात निम्म्यावर येईल, तर तुमच्या एकूण वापरात ते निम्म्यावर नाही येत, साधारण चाळीस टक्के कमी होतं. दोघांच्या मध्ये कुठेतरी खरं आहे, पण मिस्टरांच्या बाजूला जास्त झुकलेलं.

आता २ लाख ३० हजार भागिले ५० हजार, साडेचार वर्षं, असं म्हणून मोकळं होता येत नाही कारण हे पैसे तुम्ही लोनवर घेताय. ५ लाख रोख तुम्ही कुठलीही गाडी घेतलीत तरी भरणारच, त्यामुळे जास्तीचे सगळे २ लाख ३० हजार लोनमध्येच जाणार. ९ टक्के आणि ५ वर्षं धरली तर या जास्तीच्या रकमेचा ईएमआय महिन्याला ४,७७५ येतो. तुमच्या बँकेचा रेट वेगळा असेल तर तो टाका. पेट्रोलचे महिन्याला ४,१५० वाचतील. शिवाय गाडीची किंमत जास्त म्हणून इन्शुरन्स जास्त, तो महिन्याला २५० धरा. म्हणजे पहिली पाच वर्षं दर महिन्याला ८७५ ते ९०० रुपये पदरचे जातील, आणि लोन संपल्यावर महिन्याला ३,९०० हातात राहायला लागतील. पाच वर्षांत घातलेले ५४ हजार पुढच्या चौदा महिन्यांत परत येतात. म्हणजे सव्वासहा वर्षांच्या आसपास हायब्रिड वसूल, तोपर्यंत गाडी ९२-९३ हजार किमी झालेली असेल. तुम्ही आधीची गाडी ११ वर्षं ठेवलीत, ही पण तितकीच ठेवलीत तर उरलेली पावणेपाच वर्षं निव्वळ फायदा, दोन लाखाच्या वर.

तर माझं मत स्पष्ट सांगतो: ऑटोमॅटिक आणि हायब्रिड यात निवडायचं असेल तर तुम्ही हायब्रिड घ्या.

पण थांबा, बुकिंग करायच्या आधी दोन प्रश्नांची उत्तरं घरात बसून प्रामाणिकपणे द्या, कारण वरचं सगळं गणित त्यावर उभं आहे. पहिला प्रश्न ऑफिसचा. चार दिवस जायचं हे किती वर्षं टिकणार? उद्या कंपनीने दोनच दिवस या म्हणून सांगितलं, किंवा मेट्रो सुरू झाल्यावर तुम्हालाच वाटलं की आता कशाला गाडी काढायची, तर शहरातले १२ हजार किमी पावणेआठ हजारावर येतील आणि वर्षाची बचत ५० वरून ३३ हजारावर. मग तीच हायब्रिड वसूल व्हायला साडेनऊ वर्षं लागतात. पेट्रोल १०४ चं ११५ झालं तर बचत ५५ हजार होते, म्हणजे भावाने फार फरक पडत नाही, तुमच्या फेऱ्या कमी झाल्या की मात्र खूप पडतो. लोक पेट्रोलच्या भावाकडे डोळे लावून बसतात, खरं तर आपल्या डायरीकडे बघायला पाहिजे.

दुसरा प्रश्न मॅन्युअलचा. इथे सासऱ्यांचं म्हणणं मी अजिबात खोडून काढणार नाही. १६ लाखाची मॅन्युअल आणि १९ लाख ८० हजारची हायब्रिड यात ३ लाख ८० हजाराचा फरक आहे. मॅन्युअलचं ॲव्हरेज थोडं बरं, शहरात साडेतेरा आणि हायवेला १९ धरलं तर हायब्रिडने वर्षाला साडेछत्तीस हजारच वाचतात, म्हणजे व्याज न धरताही दहा वर्षांच्या वर. निव्वळ पैशाच्या भाषेत मॅन्युअलच जिंकते. त्याहून स्वस्त हवं असेल तर सीएनजी आहे, किलोला ८० धरले आणि २० चं ॲव्हरेज आलं तरी किमीला ४ रुपये, हायब्रिडला शहरात पावणेपाच पडतात. पण ग्रँड व्हिटाराची सीएनजी पण मॅन्युअलच येते, डिकी सिलिंडरने भरते आणि पंपावरच्या रांगा तुम्हाला माहितीच आहेत.

आणि ताई, तुमचा गुडघा गेलाय. कासारवडवली ते ऐरोली रोज शेकड्याने क्लच दाबायचा आहे तो तुम्हाला, वहीला नाही. सासऱ्यांना हे समजावून सांगा, बँकेत हिशोब बघितलेला माणूस आहे, पटेल त्यांना. तुलना करायची ती जी गाडी आपण खरंच घेतली असती तिच्याशी. तुम्ही मॅन्युअल घेऊच शकत नसाल तर तिची किंमत या हिशोबात येतच नाही, मग ती १६ लाखाला मिळो की १४ ला. पण गाडी जास्त करून मिस्टर चालवणार असते आणि तुमचा गुडघा ठणठणीत असता तर मी सासऱ्यांच्याच बाजूने लिहिलं असतं हेही तितकंच खरं.

आता शोरूममध्ये काय बघायचं ते. सगळ्यात आधी शब्दांवर लक्ष ठेवा. साध्या पेट्रोल ग्रँड व्हिटारालाही बरेच दिवस स्मार्ट हायब्रिड म्हणून विकलं गेलंय. ती माइल्ड हायब्रिड, तिच्यात बेल्टवर चालणारी छोटी मोटर इंजिनला नुसता हात लावते, गाडी एकटीने ओढत नाही. तुमची साडेसतरा लाखाची ऑटोमॅटिक त्याच जातीची आहे. ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद ठेवून चालते ती फक्त स्ट्राँग हायब्रिड, तिलाच ते २७.९७. बुकिंग फॉर्मवर व्हेरियंटचं पूर्ण नाव लिहून घ्या.

दोन कोटेशन शेजारी ठेवून बघा की फरक नक्की कशाचा आहे. हायब्रिड सहसा वरच्या व्हेरियंटपासून सुरू होते, त्यामुळे त्या २ लाख ३० हजारात काही पैसे हायब्रिडचे आणि काही मोठ्या स्क्रीनचे किंवा तसल्या फीचर्सचे असू शकतात, ते फीचर्स तुम्हाला हवेच असतील तर हायब्रिडसाठी मोजलेला फरक आणखी कमी होतो. आपल्याकडे १० ते २० लाखाच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १२ टक्के आहे आणि तो किमतीवर लागतो, म्हणजे किमतीतल्या दर लाखाच्या फरकावर १२ हजार तिथेच वाढतात. जीएसटीत आता दोघींना सारखंच, २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब असलेल्या या दोन्ही गाड्यांना ४० टक्के. त्याआधी हायब्रिडला ४३ आणि साध्या पेट्रोलला ४५ होता. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाडीला १८ टक्केच आहे, त्यामुळे नुसते पैसेच वाचवायचे असतील तर छोटी ऑटोमॅटिक या सगळ्यांना मागे टाकते, पण सासू-सासऱ्यांना घेऊन चिपळूणला जायचं म्हणजे तुम्हाला मोठी गाडी का हवी ते मला समजतं.

डिकी उघडून बघा, मिस्टरांना घेऊन जा आणि घरची मोठी बॅग बरोबर न्या. हायब्रिडमध्ये बॅटरी मागे बसवलेली असल्यामुळे डिकी २६५ लिटरची राहते, साध्या पेट्रोलमध्ये ३७३ ची आहे. १०८ लिटर कमी. गणपतीत पाच माणसांचं सामान आणि येताना तांदळाचं पोतं, आंब्याच्या सीझनला पेट्या, हे सगळं त्यात बसतं का ते शोरूममध्येच कळलं पाहिजे. माझ्या मते हायब्रिडची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे आणि सेल्समन ती स्वतःहून सांगत नाही.

टेस्ट ड्राइव्ह रविवारी दुपारी मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. तुम्ही ऑफिसला निघता त्या वेळेला मागा, तुमच्याच रस्त्यावर, एसी तुम्हाला लागतो तितका ठेवून. स्क्रीनवर एनर्जी फ्लोचं चित्र लावायला सांगा, त्यात बाण दिसतात, इंजिनकडून चाकाकडे, बॅटरीकडून चाकाकडे, आणि ब्रेक मारला की चाकाकडून बॅटरीकडे. ब्रेक हळूहळू लांबून दाबला तर तो उलटा बाण जास्त वेळ टिकतो, एकदम दाबला तर साधे ब्रेकच काम करतात आणि ऊर्जा वाया जाते. हे बघत बघत चालवलं की पाय आपोआप सुधारतो. मग गायमुखचा चढ चढून बघा. बॅटरी उतरलेली असताना चढावर ते तीन सिलिंडरचं इंजिन चांगलंच ओरडतं, आवाज आणि गाडीचा वेग यांचा मेळ नाही असं वाटतं, काही लोकांना ते अजिबात आवडत नाही. परशुराम घाट चढताना हाच आवाज येणार आहे, आत्ताच ऐकून ठेवा. उतरताना बी मोड लावला तर इंजिन ब्रेकिंग मिळतं, म्हणजे सारखा ब्रेक न दाबता इंजिनच गाडी आवरतं, सेल्समनकडून समजून घ्या.

बॅटरीची भीती सगळ्यांना असते, तुम्ही लिहिली नाहीत तरी सासऱ्यांच्या मनात असणार. हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी, यातलं जे आधी होईल तितकी वॉरंटी आहे. तुमचे आठ वर्षांत १ लाख २० हजार किमी होतील, म्हणजे वर्षं आधी संपतील, आणि तोपर्यंत गाडी वसूल झालेली असेल, सव्वासहा आणि आठ या दोन आकड्यांमध्ये पावणेदोन वर्षांचा श्वास आहे. त्यानंतरचं काय, तर आजच सर्व्हिस सेंटरला जाऊन, शोरूमला नाही, नवीन बॅटरीची आजची किंमत लेखी मागा आणि वहीत लिहून ठेवा. टोयोटा १९९७ पासून हायब्रिड विकतेय, ग्रँड व्हिटारातली सिस्टीम त्यांचीच आहे, तंत्र नवखं नाही. पण जुनी झाल्यावर ती आपल्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याच्या हातात द्यायची नाही एवढं पक्कं करा, आत जाड केशरी वायरी दिसतील त्या हाय व्होल्टेजच्या असतात, त्यांना शिकलेल्या माणसानेच हात लावायचा. कासारवडवलीच्या बाजूला झाडी, जंगल जवळ, सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर घुशी असतातच, वायरी कुरतडणं ही तिथली नेहमीची तक्रार, त्यामुळे इन्शुरन्स घेताना हायब्रिड बॅटरीचं आणि वायरिंगचं नुकसान त्यात येतं का, आणि पाणी शिरून झालेलं नुकसान येतं का, हे दोन प्रश्न विचाराच.

सर्व्हिसचा खर्च दोघींचा जवळपास सारखाच येतो. हायब्रिडमध्ये इंजिन ऑइल, फिल्टर हे सगळं आहेच, पण ब्रेक पॅड जास्त टिकतात कारण अर्धं काम मोटर करते. बॅटरीला हवा आत घेणारी जाळी असते, तिच्यावर पिशव्या, गाद्या ठेवायच्या नाहीत आणि दर सर्व्हिसला ती साफ झाली का हे विचारायचं. आणि गाडीत साधी १२ व्होल्टची बॅटरी वेगळी असतेच, महिनाभर गाडी बंद राहिली तर ती उतरते आणि मग भरलेली मोठी बॅटरी असूनही गाडी सुरू होत नाही, तेव्हा लांब सुट्टीवर जाणार असाल तर कोणाला तरी आठवड्यातून एकदा गाडी रेडी मोडमध्ये, म्हणजे स्टार्ट करून, थोडा वेळ ठेवायला सांगून जा.

गाडी आल्यावर स्क्रीनवरच्या ॲव्हरेजवर विसंबू नका, ते बरेचदा थोडं जास्तच दाखवतं. एकाच पंपावर ऑटो कट होईपर्यंत टाकी भरायची, किमी लिहायचे, परत तसंच भरायचं, भागाकार करायचा. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे जुन्या रिव्ह्यूमधले आकडे आणि तुमचे जुळले नाहीत तर गाडीत बिघाड आहे असं लगेच समजू नका. टाकीगणिक नोंद ठेवायचं काम सासऱ्यांकडे सोपवा, त्यांच्याइतकं नीट कोणी करणार नाही.

राहिला भाऊ. महिन्याला ४०० म्हणजे वर्षाला ४,८०० किमी, निम्मे गावात धरले तरी सांगलीत घोडबंदरसारखं तुंबत नाही, साधी ऑटोमॅटिक तिथे १४ सहज देईल आणि हायब्रिड २३. वर्षाला वाचतात ९ हजार २००. त्या हिशोबाने जास्तीचे २ लाख ३० हजार वसूल व्हायला पंचवीस वर्षं लागतील, व्याज सोडून. बहिणीने घेतली म्हणून त्याने घेऊ नये. त्याचे गुडघे चांगले असतील तर साधी पेट्रोल मॅन्युअल घ्यावी, नसतील तर साधी ऑटोमॅटिक, आणि लोन तेवढं कमी काढावं.